सरळ फोटो

आपण कॅमेरा डोळ्याला लावला की लिमये सर भिंगासमोर स्वतःचा पंजा धरायचे. "काय बघतेयस, ते आधी सांग." उत्तर पटलं तरच हात बाजूला व्हायचा. थेऊरला नदीकाठी मी पहिल्यांदा त्यांचा कॅमेरा हातात घेतला, तेव्हा घाबरत म्हटलं, "म्हैस." सर म्हणाले, "म्हैस मलाही दिसतेय. त्यासाठी कॉलेजात जावं लागत नाही." मी पुन्हा पाहिलं आणि म्हटलं, "तिच्या ओल्या पाठीवर ऊन आहे." पंजा खाली गेला.

सर जाहिरातीच्या धंद्यातून लवकर निवृत्त झालेले, कोथरूडला एकटे राहणारे. रविवारी आम्हा चार-पाच विद्यार्थ्यांना घेऊन बसने कुठेतरी जवळपास जायचे. सासवड, थेऊर, कधी खराडीच्या मागचा नदीकाठ. सगळ्यांत मिळून एक कॅमेरा आणि एक रोल. फी नव्हती, पण प्रत्येकाच्या डब्यातलं सर चाखून बघायचे. कोणी मोबाइल काढला की म्हणायचे, "मोबाइलवाल्यांनी पुढच्या बसने यावं."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे उत्तरं लिहून घेत, पण तुला काय दिसतं असं कोणी विचारत नसे. सर विचारायचे, आणि मी अडखळले तरी थांबायचे. बघायला मी त्यांच्याकडूनच शिकले, ते नाकारत नाही. म्हणून पुढचं लिहिणं जड जातं.

माणसांच्या फोटोबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "कॅमेऱ्याकडे बघणारा माणूस खोटा असतो. त्याचं लक्ष नसतं तेव्हाच तो खरा."

एका रविवारी सरांनी विश्रांतवाडी ठरवली. आमची खोली तिथेच, म्हणून मीच सगळ्यांना चहाला बोलावलं. आम्ही वाशीमकडचे. आई खराडीतल्या एका ऑफिसात साफसफाईला लागली होती, ती नुकतीच तिथली सुपरवायझर झाली होती. माहेरी पाठवायला तिला एक चांगला फोटो हवा होता. "सर येतात तं काढतीन एक," असं म्हणून तिने जांभळी साडी नेसली, ऑफिसचं नवं ओळखपत्र गळ्यात घातलं आणि चहा झाल्यावर दाराशी ताठ उभी राहिली.

"सर, आईचा एक सरळ फोटो काढता का?" मी विचारलं.

"सरळ फोटो आधार कार्डावर असतात." मग सर आईकडे वळले. "अहो ताई, अशा उभ्या राहू नका. तुमचं काय काम चालू असेल ते चालू द्या."

आई गोंधळली. "काम काय असन, सर? आज सुट्टी हाय."

"एकच फ्रेम उरलीय. ती अशी वाया नाही घालवायची."

आई जराशी थांबली. मग कप गोळा करून मोरीशी गेली, साडी भिजू नये म्हणून वर खोचली आणि पाठमोरी बसून कप घासू लागली. तेव्हा सरांनी बटण दाबलं. त्यांच्या भिंगासमोर हात धरायला कोणी नव्हतं.

"काढला का, सर?"

"काढला. उत्तम येणार."

पुढे कितीतरी दिवस ती मला विचारत होती, "आला का वं फोटो?"

फोटो आला तो थेट कोथरूडमधल्या एका प्रदर्शनात. हॉलमधला सगळ्यांत मोठा. कृष्णधवल रोलवर जांभळी साडी मळक्या राखाडी रंगाची झाली होती. आईचा चेहरा नव्हताच. खाली पाटी होती, 'राबणारे हात'. आई त्याच साडीत आली होती. बराच वेळ बघून ती हळूच म्हणाली, "याच्यात मी कुठं हाय?" तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "जरा बाजूला होता का? फोटो दिसत नाहीये." आई बाजूला झाली.

मी सरांना गाठलं. "सर, ती तेव्हा काम करत नव्हती. तुम्ही बसवलंत म्हणून बसली."

"अगं, तुला आई दिसतेय, लोकांना कष्ट दिसताहेत. यातून बाहेर पड, तरच फोटो काढशील."

"निदान पाटीवर तिचं नाव तरी घाला."

"नाव घातलं की फोटो लहान होतो," सर म्हणाले, आणि कोणीतरी अभिनंदन करायला आलं म्हणून तिकडे वळले.

त्यानंतर मी रविवारी गेले नाही. सरांनीही का येत नाहीस असं विचारलं नाही. त्यांच्या फेऱ्या अजून चालू आहेत, असं ऐकते.

दिवाळीत मी मैत्रिणीचा कॅमेरा मागून आणला आणि मुद्दाम रंगीत रोल घातला. आईला म्हटलं, "चल, मामाला पाठवायचा फोटो काढू. तुला हवी तशी उभी राहा."

ती आत गेली. मला वाटलं, तयार होतेय. मग नळाचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर ती मोरीशी पाठमोरी बसली होती. पुढ्यात घासून ठेवलेलेच स्वच्छ कप होते, तेच ती पुन्हा घासत होती.

"आई, इकडे बघ ना."

तिने मान वळवली नाही. "राहू दे. अशीच चांगली दिसते म्हणे मी. काढ तू."