आप्पांचं उक्तं काम

साहेबांसमोर काय बोलायचं ते मी निमगाव केतकीपासून बारामतीपर्यंत एसटीत आप्पांना चारदा बजावलं. "मी कामगार आहे, एवढंच म्हणायचं. शहाणपणा करायचा नाही." बापाला असं दटावणं शोभत नाही, पण माझा जीव टांगणीला लागला होता. वेल्डिंग करताना लोखंडाचा कण उडून आप्पांच्या उजव्या डोळ्यात गेला होता. लवकर ऑपरेशन झालं नाही तर तो डोळा जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी एका डोळ्यानं ते कामावर जातच होते. ऑपरेशन आमच्या ऐपतीबाहेरचं, कामगार विम्यातून झालं असतं. आणि वर्कशॉपवाला म्हणत होता, हा आमचा कामगारच नाही, स्वतंत्र ठेकेदार आहे.

तसा कागद होता. सही आप्पांची, पण वाचून दाखवला होता मी. ठेकेदार हा शब्द ऐकून ते खूश झाले आणि मीही झाले, ही माझी अक्कल! आमच्याकडं रोजानं जाणारा म्हणजे दुसऱ्याच्या हाताखालचा. उक्तं घेणारा अख्खं काम स्वतःच्या अंगावर घेतो, त्याच्या डोक्यावर कुणी उभं राहत नाही. त्याला गावात मान असतो.

कामगार कचेरीतले साहेब भले होते. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, चहा मागवला. मग विचारलं, "आबा, तुम्ही तिथं नोकर आहात, की काम उक्तं घेता?"

आप्पा ताठ झाले. "नोकर? न्हाय साहेब. आमी कुणाचं नोकर न्हाय. उक्तंच घेतो."

मी त्यांचा हात दाबला, तो त्यांनी सोडवून घेतला. जबाबावर झोकात सही केली. मला रडू आवरेना.

बाहेर व्हरांड्यात आलो तर त्यांचा फोन वाजला. वर्कशॉपचा सुपरवायझर. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "व्हय, व्हय. अर्ध्याच दिवसाची रजा मागितलीया. जेवणाच्या सुट्टीआधी येतो. खाडा नका लावू."

मी पळत आत गेले. "साहेब, ठेकेदार कधी रजा मागतो का हो?"

त्यांनी जबाब फाईलला लावला होता. "ताई, सही झाली आता," ते म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

बाहेरून आप्पा हाका मारत होते. "चल की पोरी. उशीर झाला तर सुपरवायझर वरडंल."