आप्पांची सायबी भैरवी

बेळगावच्या मातीतच सूर आहे, इथं बेसूर माणूस शोधून सापडायचा नाही, असं परगावचे लोक म्हणतात. त्यांच्यापैकी कुणी वडगावात आमच्या बिऱ्हाडी राहिलेलं नाही. आमच्या शेजारच्या आप्पांइतका भैरवीचा छळ अख्ख्या मुंबई इलाख्यात दुसऱ्या कुणी केला नसेल. आप्पांचा धंदा हातमागाचा. लुगडं सुरेख विणत, आणि माणसानं तेवढ्यावर समाधान मानायला काही हरकत नव्हती. पण लढाईच्या दिवसांत कॅम्पातल्या एका गोऱ्या अंमलदारानं मायदेशी जाताना घरचं सामान विकायला काढलं. शहाणी माणसं तिथून खुर्च्या आणि कंदील घेऊन आली. आप्पा चार तारांची एक युकुलेली घेऊन आले. गिटारच्या घरात जन्मून अंगाला खाल्लेलं न लागलेलं पोर असावं, तसं ते वाद्य. आमच्या गल्लीनं त्याचं नाव सतारीचं पिल्लू ठेवलं.

आप्पांनी ते नुसतं टुणटुण वाजवलं असतं तर सोसलं असतं. पण कॅम्पातल्या बँडमधल्या कुणा गोवेकरानं त्यांच्या कानात सोडलं, की आपल्या भैरवीचे जे सूर तेच सायबाच्या 'फ्रिजियन' नावाच्या सुरावटीचे, फक्त साहेब ते एकेक न छेडता तीन-तीन एकदम छेडतो आणि त्याला कॉर्ड म्हणतो. झालं! षड्ज, कोमल गंधार, पंचम ही एक मूठ, आणि बोटं जरा हलवून कोमल रिषभ, मध्यम, कोमल धैवत ही दुसरी. एवढ्या भांडवलावर आप्पांनी दुकान मांडलं. उजाडलं की भैरवी, हातातला धोटा मागावर तसाच टाकून भैरवी, जेवून आंचवल्यावर भैरवी. वैतागून मी एकदा मधल्या भिंतीवर थापा मारल्या, तर तो ठेका समजून त्यांनी लय वाढवली. वर मला भेटून म्हणाले, "तीन सूर एकदम लावतोय म्या. हाय का कुणाची छाती?" आतून काकू, म्हणजे आप्पांचं कुटुंब, ओरडल्या, "एक सूर धड लागत न्हाय, तीन कशाला पायजेत तुमास्नी?" काकूंशी माझं पहिल्यापासून जमायचं.

या जोडप्याला एकच मुलगी. तिला सारी गल्ली आक्का म्हणायची. तिच्या लग्नाची काळजी काकूंनी करायची आणि भैरवीची आप्पांनी, अशी त्या घरात वाटणी होती. एकदा निपाणीहून तंबाखूच्या व्यापाऱ्याचं घराणं तिला बघायला आलं. मुलगा देखणा, माणसं मानी आणि गाण्याची दर्दी. शेजारी म्हणून मीही बैठकीत होतो. पाहुण्यांनी पाणी घेतलं, आत काकू पोह्यांवर खोबरं पेरत होत्या, आणि इकडे आप्पांनी पाहुण्यांचा मान म्हणून सतारीचं पिल्लू मांडीवर घेतलं. येत होतं तेवढंच वाजवलं. भैरवी! आता आमच्याकडे भैरवी झाली म्हणजे मैफल उठली. त्यानंतर गवई गात नाही आणि श्रोता बसत नाही. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. मुलाचे वडील उठले, हात जोडून "बरं, येतो आम्ही" म्हणाले, आणि पोहे बाहेर यायच्या आत मंडळी चपला घालून गल्लीच्या टोकाला.

"पाव्हणं पार भारावलं की वो!" आप्पा म्हणाले.

"आप्पा, पाहुणे बसतात न बसतात तोच भैरवी वाजवून तुम्ही त्यांना घालवून दिलंत."

"पर ही सायबाची भैरवी हाय न्हवं?"

पोह्यांची बशी घेऊन आक्का दारात उभी होती. तिच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा कुठे आप्पांच्या डोक्यात उजेड पडला. निपाणीहून निरोप आला, मनात नव्हतं तर बोलावलंत कशाला? बोलावून घालवून देणारं घर म्हणून बोभाटा झाला आणि पुढं कितीतरी दिवस स्थळच येईना. काकूंनी ते वाद्य उचललं आणि माझ्या घरी आणून ठेवलं. आप्पा मुकाट्यानं मागावर बसू लागले. मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

शेवटी संकेश्वरच्या एका घरी जमलं. त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी चौकशी करून काकूंना मुद्दाम कळवलं होतं. लग्न गल्लीतच झालं. संध्याकाळी भाड्याची मोटार दाराशी लागली, ओटी भरून झाली, आणि आक्का मोटारीत बसायची सोडून माझ्याकडे आली. "काका, आप्पांचं ते द्या की." मी आणून दिलं. ते आप्पांच्या हातात ठेवून ती म्हणाली, "वाजवा आता, आप्पा. आता कोण काय म्हनत न्हाय."

आप्पा ओट्यावर बसले. तारा पार उतरल्या होत्या. तीन सुरांतला एकही जागेवर नव्हता. वेळ मात्र जन्मात पहिल्यांदा बरोबर होती. मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. आप्पा रिषभाच्या मुठीवर आले. आता षड्जावर यायचं की संपलं. ते षड्जावर येईनात. रिषभावरच घुटमळत राहिले. भैरवी संपली की माणूस उठून जातं, हे निपाणीकरांनी त्यांना चांगलंच शिकवलं होतं. काकूंनी पदर तोंडाला लावला. पुन्हा भोंगा वाजला. आक्का जागची हलली नाही, आणि त्या माणसाचा उभा जन्म राग केलेला मी मनातल्या मनात म्हणत होतो, चालू द्या आप्पा, आणखी थोडा वेळ चालू द्या.