कापलेल्या चार ओळी

छापखान्यात तीस वर्षं पानं लावून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना कॉलेजातली पोरं पट्टीकाका म्हणत, कारण फूटपट्टी त्यांच्या खिशातून कधी हलली नाही. कॉलेजचा वार्षिक अंक छपाईला जाण्याआधी त्याची कच्ची प्रत काकांच्या जेवणाच्या टेबलावर यायचीच. काका एकेक पान उलटं धरून बघत. वाचायला लागलं की डोळा फसतो, असं त्यांचं म्हणणं. मजकूर गोड असला की मांडणीचे गुन्हे माफ होतात, आणि माफ करणं काही काकांच्या रक्तात नव्हतं.

यंदाची संपादिका चुणचुणीत होती. मुखपृष्ठावर तिने सात तऱ्हेची अक्षरं वापरली होती.

"हे मुखपृष्ठ आहे की दुकानाची पाटी? दोन ठेव, बाकीच्यांना सुट्टी दे. आणि प्राचार्यांचे फोटो किती?"

"अकरा."

"माणूस एकच आहे ना? मग फोटोही एकच."

ती हसत हसत लिहून घेत होती. बेचाळिसाव्या पानावर मात्र काका खूश झाले. "हे कुणी लावलंय? समास बघ कसा सोडलाय."

"तुम्हीच, काका. वीस वर्षांपूर्वीच्या अंकातलं पान आहे, जसंच्या तसं घेतलंय. लेख तुमच्या मुलीचा."

काकांनी पान सुलटं केलं आणि चष्मा पुसला. लेख बापावर होता. घरातली खुर्चीसुद्धा पट्टी लावून ठेवणारा बाप, आणि संध्याकाळी त्याला काहीतरी सांगायचं म्हणून दारात उभी राहून, न सांगताच आत जाणारी मुलगी. काकांना मध्येच हसू आलं, मग येईनासं झालं. शेवटची ओळ होती, 'एवढं सगळं असलं तरी बाबांना एक सांगायचं आहे.' पुढे काहीच नव्हतं.

त्यांना सगळं आठवलं. याच टेबलाशी लेक म्हणाली होती, "बाबा, चार ओळी पानात मावत नाहीयेत." आणि ते म्हणाले होते, "खालच्या चार काप. शेवटचं कोण वाचतंय?" ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली आणि मग तिने कापल्या. त्यानंतर तिने त्यांना काही लिहिलेलं दाखवलं नाही. नोकरी, लग्न, लांबचं गाव. आता रविवारी तीन मिनिटं फोन असायचा, तब्येत आणि हवापाणी. त्या तीन मिनिटांसाठी काका सकाळपासून फोनजवळ बसत. मुली लांब गेल्या की असंच होतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

"मूळ कागद असतील का गं कुठे?"

"नाही हो काका. ते कधीच रद्दीत गेले."

मधलाच वार होता, तरी काकांनी फोन लावला. लेक घाबरली. "बाबा, बरे आहात ना?"

"बरा आहे. तुझा तो कॉलेजातला लेख. शेवटच्या चार ओळी काय होत्या?"

"आज कशी आठवण झाली?"

"आजच वाचला."

"आज? तेव्हा वाचला नव्हता?"

"तेव्हा नुसतं पान बघितलं होतं. जागा नव्हती, म्हणून काप म्हटलं."

संपादिका उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मला वाटत होतं, तुम्ही वाचून कापायला लावल्यात," लेक म्हणाली. "तुम्हाला ते नकोय, असंच मी धरून चालले, बाबा. इतकी वर्षं."

काका घाईघाईने म्हणाले, "नको कसं असेल गं? काय होतं त्यात?"

"आता खरंच आठवत नाही."

"आठवलं तर सांगशील?"

"आठवलं तर," ती म्हणाली. फोन मात्र तिने ठेवला नाही, आणि काकांनीही ठेवला नाही.