टाचेला लागलेला हात

माझ्या मुलीचा आजार माझ्यामुळे झाला नाही, पण वाढला माझ्यामुळे. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी 'एक्सरसाइज-इंड्यूस्ड अस्थमा' म्हटलं, तेव्हाच मला ते कळलं. एरवी श्वास ठीक असतो, पण जोर लावला की श्वासनळ्या आवळतात.

"खोकला कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

बरेच दिवस होता. सरावाचा कंटाळा आला की खोकते, असं मीच घरी सांगत आलो होतो.

मी पोहण्याचा प्रशिक्षक. माझी पूर्वा आणि आणखी तिघी, अशी आमची रिले राज्यात पदक घेऊन आली होती. राष्ट्रीय स्पर्धेची निवड जवळ आली होती. दम छातीत नाही, मनात तुटतो, असं मी मुलींना सारखं सांगायचो. जिचं मन कच्चं, तिनं बाकीच्यांचं नुकसान करू नये.

चौघी एका लेनमध्ये एकामागे एक पोहतात. मागचीनं पुढचीच्या टाचेला हात लावला, तर अर्थ असतो, मला पुढे जाऊ दे. पूर्वा हात लावायची, पण पुढे जायची नाही. पुढची रितू भिंतीशी थांबायची, मागे सगळी लेन थांबायची. रितू देवरीची, आमची कप्तान.

"गॉगलमध्ये पाणी गेलं, सर."

"नवीन घेऊन देतो. मग तरी पोहशील?"

गॉगल नवा आला, तरी ती थांबतच राहिली. मी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालो आणि रिलेतून काढलं. पूर्वाला पुढे ठेवलं. आता तिच्यापुढे हात लावायला कोणी नव्हतं. त्याच सरावात ती भिंत धरून लटकली. ओठ निळे, श्वासात शिट्टीसारखा आवाज.

दवाखान्यात नेब्युलायझर लावलं, म्हणजे औषधाची वाफ. ती सावरल्यावर पुढे स्पायरोमेट्री झाली. नळीत जोरानं फुंकायचं, त्यावरून फुप्फुसाची ताकद कळते. बाहेरच्या बाकावर रितू येऊन बसली होती.

"तिले दम लागला का ती माझ्या टाचेले हात लावत होती," ती म्हणाली. "मंग मी थांबत होती. बाकीच्यायलेही माहीत होतं."

"मला काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही ऐकून राहिले होते का, सर?"

आत डॉक्टर पूर्वाला इन्हेलर कसा ओढायचा ते शिकवत होते. मला म्हणाले, "पोहू द्या. पण ती थांबली, तर थांबू द्या."

तुमच्या मुलाला धावताना, पोहताना खोकला येत असेल, तर आधी छाती तपासून घ्या. मनाचं नंतर बघा.

त्या निवडीला आमची रिले उतरलीच नाही. पूर्वा पाण्यात परतली त्या सकाळी मी चौघींना काठावर बोलावलं.

"रितू, मी तुला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालो होतो. म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो, चूक माझी होती. मला माफ कर."