अंगठ्याखालचा मथळा

सत्याची निःपक्ष तपासणी करणारी एकच यंत्रणा मी आयुष्यात पाहिली. ती दिघीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये डावीकडच्या तिसऱ्या सीटवर बसायची, आणि खिडकी मिळाली नाही तर चाकणपर्यंत कुणाशी बोलायची नाही.

आम्ही त्यांना गेजकाका म्हणत असू. काका क्वालिटीत होते. माप तपासायचं गेज लावून पार्ट पास करायचा, नाहीतर त्याला लाल स्टिकर चिकटवायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. चार-सहा स्टिकरं खिशात कायम असत, कारण सकाळी बसमध्ये येणारी दोन वर्तमानपत्रंही त्यांच्या मते मालच होती. "माल म्हणल्यावर तपासणी आली," ते म्हणत. "छापलंय म्हणून पास करायचं व्हय?"

रीत साधी होती. मथळ्यातल्या पुढाऱ्याच्या नावावर अंगठा ठेवायचा, तिथे त्याच्या विरोधकाचं नाव घालायचं आणि मथळा मोठ्यानं वाचायचा. तरीही तो असाच छापला असता असं वाटलं, तर पास. हसू आलं, तर रिजेक्ट. क्रियापदांवर त्यांचा खास डोळा. "'ठणकावले' म्हंजी पेपरवाल्याचा माणूस, 'बरळले' म्हंजी समोरचा. बोलले दोघं तेच."

एकदा एकाच मोर्चाबद्दल एका पेपरात 'जनसागर उसळला' आणि दुसऱ्यात 'वाहनचालकांचे हाल' असं आलं. काकांनी दोन्हींना स्टिकर लावलं. मी मोर्चाच्या दिवशी नाशिक फाट्यावर दीड तास अडकलो होतो, म्हणून म्हणालो, "काका, हाल तर झालेच होते."

"झालं व्हतं. पर मागल्या आठवड्यात दुसऱ्यांचा मोर्चा निघाला, तवा रस्ते काय मोकळे व्हते? तवा ह्याच पेपरात 'जनसागर' व्हता. आन् राव, जो पेपर आपल्याला आवडतो ना, त्येला दोनदा तपासायचं."

त्यांना कुठला आवडायचा ते मला कधीच कळलं नाही. संशय मात्र होता.

मग महापालिकेची निवडणूक लागली आणि काकांचे धाकटे भाऊ अण्णा दिघीतून उभे राहिले. बसमधले निम्मे लोक त्यांचे मतदार. एका सोमवारी अण्णांनी बसमध्ये वाटायला पेपरांचा गठ्ठाच पाठवला. पहिल्या पानावर ठळक मथळा होता: 'अण्णांना सर्व थरांतून उत्स्फूर्त पाठिंबा'.

काकांनी तो वाचला, पेपरची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चालतंय."

मग मशीन शॉपमधला लातूरचा माधव मागून ओरडला, "काका, अंगठा विसरलाव की!"

"घरचा माल हाय त्यो," दुसरा कुणीतरी म्हणाला. "त्येला तपासणी नसती."

काकांनी पेपर पुन्हा उघडला. 'अण्णां'वर अंगठा ठेवला आणि समोरच्या उमेदवाराचं नाव घालून मथळा वाचला. बस हसली. काका हसले नाहीत. मोशीचा थांबा आला, गेला. मग त्यांनी खिशातून स्टिकर काढून चिकटवलं. "रिजेक्ट." वाटलेले सगळे पेपर त्यांनी परत मागून घेतले आणि स्टिकरं संपल्यावर उरलेल्यांवर पेनानं फुल्या मारल्या.

मला तरीही शंका होतीच. बसमध्ये स्टिकर लावणं सोपं. घरी दोघा भावांची चूल एक होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "अण्णा काय म्हणाले?"

"म्हणला, दादा, पाठिंबा खराच हाय. मी म्हणलं, असंल. मग मथळा तू लिहून कशाला दिलास?"

त्यानंतर अण्णांनी बोलणं टाकलं. जेवण एकाच स्वयंपाकघरातलं, पण ताटं वेगवेगळ्या वेळी. काका बसमध्ये तपासणी करत राहिले, फक्त दिघीच्या बातमीचं पान न वाचताच उलटायचे.

अण्णा निवडून आले. मीही त्यांनाच मत दिलं. असा भाऊ ज्याला आहे तो माणूस अगदीच वाईट नसणार, असं मला वाटलं. त्या वाटण्यावर मी अंगठा ठेवून पाहिला नाही.

काका निवृत्त झाले त्या दिवशी कंपनीच्या गेटवर छोटासा सत्कार होता. न बोलावता अण्णा आले, सोबत फोटोग्राफर. त्यांनी काकांना शाल घातली, नारळ दिला, "दादा" म्हणून हाक मारली आणि वाकून पाया पडले. इतक्या दिवसांनी ती हाक ऐकून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी फोटोग्राफर कुठे उभा आहे ते पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी तिसरी सीट रिकामी होती, त्यामुळे मथळा मलाच तपासावा लागला: 'नगरसेवक अण्णांचा कामगारांविषयी जिव्हाळा'. खाली मोठा फोटो होता. त्यात अण्णा आणि कंपनीचं गेट पूर्ण आलं होतं. काकांचा फक्त अंगठा आला होता, नारळावर.