वीरगळाची आंघोळ

'धारातीर्थी पडला' म्हणे! मेला माझा लेक. मला वीरमाता म्हणू नका, असं मी सत्काराच्या स्टेजवरच सांगून टाकलं. लोकांना राग आला, येऊ दे. सुशांत सीमेवर मारला गेल्याचा फोन आला त्या दिवसापासून मी देवापुढं दिवा लावला नव्हता, आणि एकदाही रडलेही नव्हते. नुसता संताप. कुणी समजूत घालायला आलं तरी अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमच्या ह्यांना जुनी लेणी, देवळं बघत फिरायचं भारी वेड. मी घरात घुसमटतेय म्हणून मलाही सोबत न्यायला लागले. त्या दिवशी औंधाकडच्या एका जुन्या महादेवाच्या देवळात गेलो. हे गाभाऱ्यात गेले. मी पायरीसुद्धा चढले नाही. "त्याला सांगा, आमचं बोलणं संपलंय," म्हटलं आणि बाहेरच थांबले.

तिथं जोत्याला टेकून एक वीरगळ उभा होता. लढाईत पडलेल्या कुणा शिपायाच्या आठवणीसाठी कोरलेला दगड. नाव नाही, गाव नाही. फिरायला आलेले दोन बाप्ये फोटो काढत होते. त्यातल्या एकानं माझ्यादेखत त्यावर गुटख्याची पिचकारी मारली. माझं डोकंच फिरलं. "मेल्या, कुणाचं तरी पोर आहे ते! लाज नाही वाटत?" इतकी ओरडले की दोघं गाडीला किक मारून पळाले.

मी पदरानं पुसू लागले, तर डाग आणखीच पसरला. तेवढ्यात शेळ्या राखणारी एक म्हातारी पाण्याची कळशी घेऊन जवळ आली. "आवं बाई, आसं न्हाई निघायचं. आंघुळच घालू की त्येला." तिनं वरून पाणी सोडलं, आणि माझा हात आपोआप त्या दगडातल्या शिपायाच्या कपाळावर आडवा गेला. डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून. सुशांतला न्हाऊ घालताना धरायचे, अगदी तसा.

मग मात्र मी हंबरडा फोडला. म्हातारी पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडा. लय दिस दाबून ठिवलंय." माती निघाली तसं वरचं कोरीवकाम दिसू लागलं. तोच शिपाई पिंडीपुढं हात जोडून बसलेला. "ह्यो बघा, देवापाशी हाय," ती म्हणाली. मी डोळे पुसून वर बघितलं तोवर ती शेळ्यांमागं लांब गेली होती. तिचे उपकार कुठं फेडू?

मी देवळाची पायरी चढले. राग होताच, अजूनही आहे. पिंडीसमोर बसले आणि एवढंच म्हटलं, "आता तुझ्यापाशी आहे तो. न्हाऊ घालशील तेव्हा कपाळावर हात धर."