बोहाड्यातली देवी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकला चित्रकला शिकत होते. वर्गातली एक मैत्रीण पेठकडच्या पाड्यावरची. ती मला गावच्या बोहाड्याला घेऊन गेली. बोहाड्यात मुखवटे बांधून देवादिकांची सोंगं नाचवतात. शेवटच्या सकाळी देवीचं सोंग निघतं, ते तिच्या काकांकडे होतं.

मी ओट्यावर स्केचबुक घेऊन बसले, रंगांची डबी मांडीवर. हिरवं लुगडं, लाल लाकडी मुखवटा, हातात तलवार. सोंग स्थिर राहीना, म्हणून कागदाकडे न बघताच रेषा ओढत होते. तलवारीचा हात काही केल्या जमेना. आधी वाटलं, माझंच माप चुकतंय. मग कळलं, हातच खाली येतोय. पावलंही सांबळाच्या ठेक्यामागे पडत होती.

"काकांना श्वास घेता येत नाहीये," मी मैत्रिणीला म्हटलं.

"अंगात वारं आलंय. तसंच होतं."

"हात बघ त्यांचा."

तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तरी ती जागची हलली नाही. "देवी नाचत असताना कुणी शिवत नाही गं."

मी उठले, तर शेजारच्या म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली. "चित्र काढाया आलीस ना पोरी? मंग बस खाली."

मी बसले नाही, पण पुढे जायचंही धाडस होईना. तेवढ्यात मैत्रीण गर्दीत घुसली आणि आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या काकीच्या कानाशी लागली. काकीनं एकदाच सोंगाकडे पाहिलं. ताट कुणाच्या तरी हातात दिलं आणि सरळ रिंगणात गेली. सांबळ थांबला. तिनं आधी देवीच्या पायाला हात लावला, मग मुखवट्यामागच्या गाठी सोडायला लागली. घामानं भिजून त्या घट्ट बसल्या होत्या. शेवटी तिनं दातांनी ओढल्या.

मुखवटा निघाला तसे काका गुडघ्यांवर कोसळले. आतलं फडकं सरकून नाकातोंडावर बसलं होतं. ओठ काळेनिळे. मग त्या काठीवाल्या म्हाताऱ्यानंच पाणी मागवलं.

काका वाचले. मिरवणूक त्यांच्या भावानं पुरी केली. संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या ते काकीला म्हणाले, "देवीला अर्ध्यात उतरवलीस."

"हां, उतरवली," काकी म्हणाली आणि त्यांच्या तोंडाशी पेजेची वाटी धरली.

काकांनी नंतरही काही वर्षं देवी नाचवली. काकी रिंगणाच्या आतच उभी राहायची. तिला कुणी हटकलं नाही.